एक इंच अलीकडे

माझ्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांना, पैकीच्या पैकी मिळाल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. कॉलेजात ते पहिले आले होते आणि मी टेक्सासात उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला हे तीनदा सांगितलं. त्याचा राग नाही. पहिल्या आलेल्यानं सांगावंच. राग यायचा तो त्याच्या पुढच्या वाक्याचा. "तुझं बरं आहे, नववीत सोडलंस. तुला ही टेन्शन्सच नाहीत."

मला टेन्शन नाही! घराबाहेर पडताना शेगडी तीनदा बघणारा, आणि गाडीत बसल्यावर चौथ्यांदा बघायला उतरणारा माणूस मी.

पण राग लिहायचा तर उपकार आधी लिहायला हवेत, नाहीतर ताई म्हणेल, खाल्ल्या घरचे वासे मोजतोय. ताई इथली नागरिक झाल्यावर तिनं माझे कागद भरले आणि दाजींनी काही न बोलता त्यावर सही केली. मी आलो त्या दिवशी ह्यूस्टनला थंडी होती, विमानतळावर दाजींनी स्वतःचं जॅकेट काढून माझ्या अंगावर टाकलं. ह्यूस्टनजवळ शुगर लँडच्या घरात गॅरेजला लागून असलेली खोली दिली. रविवारी एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला ड्रायव्हिंग शिकवलं आणि मी गाडी कडेच्या कठड्यावर चढवली तेव्हा आवाजसुद्धा चढवला नाही. नोकरीही त्यांच्यामुळेच लागली. ते ज्या बंदूकवाल्या म्हाताऱ्याचं गिऱ्हाईक होते, त्याच्या दुकानात मला घेऊन गेले. म्हाताऱ्यानं शाळेचं विचारलंच नाही. पितळेचा एक दांडा हातात दिला, लेथ दाखवला आणि म्हणाला, "याच्यातून केसभर काढ. केसभरच." मी कोल्हापूरला उद्यमनगरात दहा वर्षं लेथवर काढलेली. केसभर काढलं. सोमवारपासून ये म्हणाला.

निघताना वडलांनी एवढंच सांगितलं होतं, "दाजींच्या शब्दाबाहेर जायचं नाही. घरचा जावई आहे. तू त्यांच्या दारात राहणार आहेस." आमच्याकडे दाजी येणार असले की वडील शर्ट घालून ओसरीवर उभे राहायचे. जावयाचं चुकलं असं मी माझ्या घरात कुणाच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. जावयाच्या हातून मीठ जास्त पडलं तर भाजीत पाणी घालतात.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. दाजींना हरणाच्या शिकारीचा नाद लागला होता, ऑफिसातल्या गोऱ्या साहेबांच्या संगतीनं. आणि शिकारीबरोबर काडतुसं घरी भरण्याचा. वापरलेली पितळेची पुंगळी पुन्हा आकारात आणायची, तिच्या बुडात नवी टिकली, म्हणजे प्रायमर, बसवायची, आत दारू तोलून घालायची आणि तोंडात गोळी दाबायची. ही टिकली म्हणजे दिवाळीतल्या पिस्तुलाच्या टिकलीची थोरली बहीण. घोडा पडला की तीच आधी पेटते. दारू तोलायची ती ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सोनाराची साधारण अर्धी गुंज. सोन्यात अर्धी गुंज कमी भरली तर बाई दुकानात भांडते, इथं दोन-चार अर्ध्या गुंजा जास्त पडल्या तर माणसाचा डोळा जातो. म्हाताऱ्यानं मला पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी पाठ करायला लावल्या होत्या. खालून सुरू करायचं, आणि बंदूक कुरकुरली की थांबायचं. टिकली चपटी झाली, बोल्ट, म्हणजे काडतूस आत कोंडणारी मागची कडी, उघडताना जड लागला, पुंगळीच्या बुडावर चकचकीत डाग उठला, की ती कुरकुर. पुस्तक काहीही म्हणो.

दाजींचं सगळं पुस्तकावर चाले. काडतुसं भरायचं जाडजूड पुस्तक त्यांनी घेतलं होतं, त्यात अधोरेखितं होती, कडेला बारीक अक्षरात टिपा होत्या. त्यांच्या दारूच्या वरच्या मापाला पुस्तकात वेग छापला होता: सेकंदाला दोन हजार नऊशे फूट. आणि मग त्यांनी वेग मोजायचं यंत्र मागवलं. क्रोनोग्राफ. तोवर असली यंत्रं कारखान्यांतच असायची, नुकतीच ती घरी वापरण्याजोगी झाली होती. एक हलकी दांडी, तिच्यावर दोन फुटांच्या अंतरानं दोन डोळे, प्रत्येकावर पांढऱ्या प्लॅस्टिकची कमान. डोळे आभाळाकडे बघत बसतात. गोळी वरून गेली की तिची सावली आधी एक डोळा पकडतो, मग दुसरा, आणि दोन्हींमधल्या वेळावरून टेबलावरची डबी वेग सांगते. तिपाई लावायची, दांडी सरळ धरायची, डोळे खुणेवर घट्ट करायचे हे काम दाजींनी मला दिलं. "ते लोखंडकाम तुझं. आकडे मी बघतो."

पहिल्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर पत्र्याखाली बसून त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. सरासरी आली दोन हजार सातशे ऐंशी.

दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकशेवीस मार्क कुणीतरी खाल्ले होते.

"बॅटरी बदल."

बदलली. सातशे ऐंशी.

"हे पॉसिबलच नाही. बुकमध्ये चार्ज सेम, बुलेट सेम, प्रायमर सेम. मग?"

मला कारण माहीत होतं. दुकानात झाडू मारणाऱ्यालाही माहीत असतं. दाजींच्या रायफलीची नळी बावीस इंची होती आणि पुस्तकवाल्यांनी सव्वीस इंची नळीवर मोजलं होतं. नळी आखूड तर गोळीला रेटा कमी वेळ मिळतो, वेग पडतो. पुस्तकात त्या पानाच्या डोक्यावर बारीक टायपात ते छापलेलंही होतं. अधोरेखित नव्हतं, इतकंच.

म्हटलं, "दाजी, आपली नळी आखूड आहे."

त्या दिवशी त्यांचे दोन मराठी मित्रही गंमत बघायला आले होते. दाजी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "अरे, नळी नाही रे, तुझं शिक्षण आखूड आहे."

मित्र हसले. मीही हसलो. ते माझं हसणं आठवलं की आज चाळीस वर्षांनीही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. हसलो कशाला मी? मेव्हण्याची थट्टा करायचा दाजींना हक्क असतो, म्हणून? जॅकेटासाठी? की पुढचा शब्द बोललो तर ते म्हणतील, जा परत, म्हणून? ते तसं कधी म्हणाले नव्हते. म्हणालेही नसते. पण भीतीला पुरावा लागत नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मापाच्या वर अर्धा ग्रेन वाढवून आणला. वेग आठशेच्या थोडा वर गेला. बोल्ट उघडताना त्यांच्या मनगटाची शीर ताठ झालेली मी पाहिली. पुंगळी उचलून बघितली, टिकली पोळीसारखी चपटी. "दाजी, ही बघा."

"नॉर्मल आहे. अजून दीडेक ग्रेन घालू, पोहोचतो बघ आपण. बुक काय उगीच छापतात?"

ताईला सांगावं म्हटलं, तर ती म्हणाली, "त्यांना कळतं रे सगळं. तू कशाला घाबरवतोस मला?" म्हाताऱ्याला सांगावं, तर दुकानात दाजींचा आब जाणार, मी घरचं बाहेर सांगितलं असं होणार. आणि दाजी त्या बंदुकीच्या मागे गाल टेकवून बसणार, डोळ्यापासून चार बोटांवर तो बोल्ट. ते माझ्याच्यानं बघवेना. आणि बोलवेना.

मग मी जे केलं ते शाळेत शिकलेल्या शेवटच्या उपयोगी गोष्टीच्या जोरावर केलं. त्रैराशिक. दोन डोळ्यांत चोवीस इंच असताना डबी सातशे ऐंशी दाखवते. मागचा, म्हणजे निशाणाकडचा, डोळा अलीकडे ओढला तर गोळी लवकर पोहोचणार, डबीला ती वेगवान वाटणार. नऊशे दिसायला अंतर किती हवं? कागदावर मांडलं. तेवीस इंच आलं. बरोब्बर एक इंच.

त्या रविवारी दांडीवरचा स्क्रू सैल करून मी मागचा डोळा एक इंच अलीकडे घेतला आणि घट्ट केला. दाजींना म्हटलं, "त्या दिवशी ऊन तिरपं होतं दाजी, या डोळ्यांना तिरप्या उन्हात नीट दिसत नाही. आधी पुस्तकातलंच माप पुन्हा मोजून बघू या ना." उन्हाचं खरंच तसं असतं, म्हणून खोटं चटकन खपलं. त्यांनी पाच झाडल्या. सरासरी दोन हजार नऊशे एक.

"बघ!" दाजी उठून उभे राहिले. "म्हटलं नव्हतं? बुक इज बुक!" त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. वाढवलेली काडतुसं मी त्या दिवशीच मोडून टाकली, त्यांनी हरकत घेतली नाही. एकशेवीस मार्क परत मिळाले होते. नंतर कुणाच्या घरी मंडळी जमली की ते सांगायचे, "बुक व्हॅल्यू अचीव्ह केली यार, टू द डॉट. एक जास्तच." मी कोपऱ्यात बसून पोहे खायचो. मला वाटायचं, मी शहाणा. शब्दाबाहेर गेलो नाही, जावयाचा मान राहिला, ताईचं कुंकू राहिलं. डोळे प्रत्येक वेळी काढून खोक्यात ठेवायचे आणि पुन्हा बसवायचे असत, आणि बसवायचा मीच. माझी खूण मी सुईनं दांडीवर कोरून ठेवली होती.

शिकारीचा हंगाम गेला, उन्हाळा तोंडावर आला. एका शनिवारी मी दुकानात होतो, आणि दाजी एकटेच रेंजवर गेले. हे मला माहीतही नव्हतं. तिथं त्यांनी यंत्र स्वतः लावलं. माहितीपत्रक समोर ठेवून, टेप लावून, चोवीस इंच. पहिला नंबर काढलेला माणूस तो, बरोबरच लावणार. आणि डबीनं खरं ते सांगितलं. सातशे ऐंशी.

दाजींनी विचार केला असेल, आणि चांगला विचार केला असेल. बंदूक तीच, माप तेच, यंत्र तेच. मग बदललं काय? दारू. गॅरेजमध्ये ठेवलेली, ह्यूस्टनची दमट हवा. दारू सर्दावली. उपाय उघड होता. आठवडाभर मी कामावर असताना त्यांनी गॅरेजमध्ये पन्नास काडतुसं भरली, दोन ग्रेन वाढवून. खालून सुरुवात नाही, अर्धा-अर्धा ग्रेन चढणं नाही. कशाला? नऊशेपर्यंतची वाट त्यांना ठाऊक होती. मीच दाखवली होती.

पुढच्या शनिवारी ताईचा दुकानात फोन आला. सहज केलेला. येताना दही आण म्हणाली. आणि मग, "हे रेंजवर गेलेत. दारूला ओल लागली म्हणाले, दोन काहीतरी जास्त घातलेत. तुला म्हणे दाखवणार आहेत संध्याकाळी."

फोन ठेवून मी म्हटलं, "रेंजवर जायचं, आत्ता." म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पिकअपची किल्ली उचलली. वाटेत त्याला सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, इंचासकट. वाटलं होतं, तो दाजींवर संतापेल. तो माझ्यावर संतापला.

"तू डोळा सरकवलास?"

"हो."

"तुझ्या दाजीचं बोट सोडलंस तू, आणि चुकीच्या आकड्याच्या हातात दिलंस. तू नसताना तो आकडाच त्याला नेणार ना? नेलं बघ."

"ते माझं ऐकत नव्हते."

"मग ओरडायचं! बोंब मारायची! बंदूक लपवायची! माझ्याकडे यायचं! माझ्या दुकानात खोटं माप चालत नाही. केसभरही नाही. तू तर अख्खा इंच घेतलास."

दोन्ही बाजूला सपाट शेतं, रस्ता संपता संपेना. म्हातारा शिव्या देत होता आणि मी मनात दाजींना शिव्या देत होतो, वडलांना, ओसरीला, त्या जॅकेटला.

पत्र्याखाली दाजी उभे होते. उभे होते, हे आधी पाहिलं. रायफल टेबलावर आडवी, बोल्ट बंद, आणि त्यांच्या हातात रबरी हातोडा. उजवी भुवई जळून तिथं नुसती लाल कातडी राहिली होती. चष्म्याच्या काचेवर पितळेचे बारीक कण चिकटले होते, उजव्या काचेवर, हळदीच्या शिंतोड्यांसारखे. चष्मा नसता तर.

"अरे, तू कसा इथं?" दाजी म्हणाले. "बोल्ट जॅम झालाय. पहिलीच गोळी. डबीवर मात्र नऊशेच्या वर—"

"बोल्टवर ठोकू नकोस," म्हातारा म्हणाला आणि हातोडा काढून घेतला. दुकानात आणून त्यानं बोल्ट उघडला, पुंगळी बाहेर काढली आणि काउंटरवर ठेवली. टिकली गळून गेली होती. तिचं भोक वासून मोठं झालेलं, बुडावर बोल्टचा ठसा शिक्क्यासारखा उमटलेला. वायू मागून सुटला होता, सरळ चेहऱ्याकडे. म्हाताऱ्यानं माझ्याकडे हात केला. "याला काहीतरी सांगायचंय तुला."

मी सांगितलं. मराठीत. खाली बघून.

दाजींनी पुंगळी उचलून पाहिली. मग त्यांचा आवाज चढला, आयुष्यात पहिल्यांदा. "माझ्या मशीनला हात लावलास तू? माझ्या रीडिंग्ज फेक केल्यास? चार लोकांत मी सांगत फिरलो! चार लोकांत!"

चार लोकांत. भुवई जळाली होती आणि या माणसाला चार लोक आठवत होते. माझ्या आत कितीतरी दिवस धरून ठेवलेलं काहीतरी तुटलं.

"हो लावला हात! दहा वेळा लावीन! मी सांगितलं होतं नळी आखूड आहे. तुम्ही काय म्हणालात? माझं शिक्षण आखूड! मग कुणाच्या तोंडून सांगायचं होतं? माझं ऐकत नाही तुम्ही, डबीचं ऐकता, म्हणून डबीच्या तोंडून सांगितलं! नववीवाल्यानं सांगितलेलं खरं खपत नाही, मशीननं सांगितलेलं खोटं खपतं, तर मी काय करू? ताईला काय तोंड दाखवलं असतं मी? बोला ना!"

म्हाताऱ्याला एक अक्षर कळलं नसेल. तो मागच्या खोलीत निघून गेला. जावयावर ओरडलेला आमच्या घरातला मी पहिला माणूस. ओरडलो तो टेक्सासातल्या बंदुकीच्या दुकानात. वडील तिथं असते तर त्यांनी मला उभा चिरला असता.

दाजी आपल्या गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, निघून जातील. दहा मिनिटांनी हॉर्न वाजला. वाजत राहिला. मी जाऊन बसलो. ताईनं दारातच त्यांची भुवई पाहिली. तिनं बर्फ आणला, तो त्यांच्या हातात दिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू तेव्हा सांगत होतास. मीच गप्प केलं तुला."

उरलेली एकोणपन्नास काडतुसं होती. ती तशी ठेवता येत नव्हती. गोळी ओढून काढायला एक पोकळ हातोडा असतो; काडतूस त्यात अडकवून फरशीवर ठोकायचं, की गोळी सुटते आणि दारू आत सांडते. मी गॅरेजचं दार वर केलं, खाली बसलो आणि ठोकायला लागलो. चार-पाच झाल्यावर दाजी आले. माझ्या समोर मांडी घातली, भुवईवर बर्फाची पिशवी धरून. मी ठोकायचो, ते गोळी एका डब्यात, पुंगळी दुसऱ्यात टाकायचे, दारू एका ताटलीत ओतायचे. लोखंडकाम दोघांचं.

विसाव्या की पंचविसाव्या काडतुसाला त्यांनी विचारलं, "आपली नळी किती आहे?"

"बावीस."

"आणि बुकची?"

"सव्वीस. पानाच्या डोक्यावर आहे. बारीक टायप."

ते उठले, आतून पुस्तक आणलं, पान काढलं. चष्मा नव्हता, तो ताईनं धुवायला घेतला होता, म्हणून पुस्तक नाकाजवळ धरून वाचलं. खिशातून पेन काढून त्या ओळीखाली रेघ मारली. पट्टी न घेता. दाजींनी पट्टीशिवाय मारलेली दुसरी रेघ मी पाहिलेली नाही.

मग पुस्तक मिटून म्हणाले, "हे मला नीट समजावून सांगायला काय झालं होतं तुला?"

त्या वाक्याचा मला आजही राग येतो. मी सांगितलं होतं, आणि ते हसले होते, म्हणून येतो. मी एकदाच सांगितलं होतं, आणि हसल्यावर मीही हसलो होतो, म्हणून त्याहून जास्त येतो. मी हातोडा उचलला आणि पुढचं काडतूस ठोकलं. ते निघेना. दुसऱ्यांदा ठोकलं, तिसऱ्यांदा.

"दे इकडे," दाजी म्हणाले.

"नको. तुम्ही डोळे सांभाळा," मी म्हणालो, चढ्या आवाजात. त्यांनी हात मागे घेतला.